मोटारीचा कारखाना आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी 'मोटारीचा कारखाना' असे सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "काकू, बायकांना त्यात काय गोडी वाटणार? काही सणावाराचे घ्या की." सणावाराचे मलाही बोलता येते. परंतु आपण राहतो चिंचवडात. आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी घ्या आणि असे एक घर शोधून काढा, की ज्या घरातले कोणीच, म्हणजे सासरे, मालक, दीर, मुलगा, जावई आणि आता सूनबाईसुद्धा, मोटारीच्या, स्कूटरच्या नाहीतर त्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गेले नाही. पहिल्या पाळीचा डबा पहाटे पाचला आपण भरला. रात्रपाळीच्या माणसाची दुपारची झोप मोडू नये म्हणून पोरांना अंगणात आपण पिटाळले. दिवाळीचा बोनस किती टक्के, यावर फराळाचे तूप आपण ठरवले. तेव्हा हा विषय आपला नाही असे म्हणणे मला काही पटत नाही.

आता मुळापासून सांगते. जर्मनीत मानहाइम नावाचे गाव आहे. तेथे कार्ल बेंझ या कारागिराने पेट्रोलवर चालणारी तीन चाकांची गाडी बनवली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुस्तकांत येथपर्यंतचे असते. परंतु कार्लची पत्नी बेर्था हिने लग्नाच्या आधीच, १८७१ साली, वडिलांकडून आपल्या वाट्याचे पैसे मागून घेऊन त्याचा बुडता कारखाना सावरला होता, हे पुष्कळ पुस्तकांत नसते. गाडी तयार झाली, पण घेणार कोण? लोक तिला बिचकत. कार्ल स्वभावाने भिडस्त. तो सुधारणा करीत बसे, गाडी बाहेर काढीत नसे.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात एके दिवशी पहाटे बेर्थाबाईंनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतले आणि त्या निघाल्या. कोठे? तर फोर्झहाइमला, आपल्या आईकडे! अंतर सुमारे १०५ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जावे इतके. भगिनींनो, जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा एका बाईने माहेरी जाण्यासाठी केलेला प्रवास होता, हे कळल्यापासून माझ्या मनात त्या बाईंविषयी फार जवळीक आहे.

वाटेत पेट्रोल पंप कसला आला आहे! कपड्यांवरचे डाग काढायला लिग्रोइन नावाचे द्रव्य औषधाच्या दुकानात मिळे, तेच इंधन. वीसलोख गावच्या औषधवाल्याकडून त्यांनी ते विकत घेतले. पुढे इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बाईंनी टोपीची लांब टाचणी काढून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजले, तेव्हा मोजे वर धरून ठेवायचा पट्टा तिला गुंडाळला. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तर एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढ आला की मुले ढकलीत. संध्याकाळी पोहोचल्यावर त्यांनी नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परत आल्यावर त्यांनी त्याला सांगितले की, चढासाठी आणखी एक गिअर हवा. तो त्याने बसवला. गाडी प्रत्यक्ष चालवून पाहणे, मोडले तिथे जोडणे आणि कारागिराला त्याची चूक सांगणे, ही आजही प्रत्येक मोटार कारखान्यातली मोठी कामे आहेत. घरखर्चाच्या वहीइतकी ती आपल्या अंगवळणी पडण्यासारखी आहेत, असे मला वाटते.

पण पुढे काय झाले? गाडी पुरुषांची झाली. त्याला एक साधे कारण होते, ते म्हणजे हँडल. आमच्या लहानपणी मालमोटारीच्या तोंडात लोखंडी दांडा घालून क्लीनर तो गरगर फिरवताना आपल्यापैकी कित्येकींनी पाहिला असेल. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. म्हणून अमेरिकेत श्रीमंत घरच्या बायका बॅटरीवरच्या विजेच्या मोटारी वापरीत. गंमत अशी की, पेट्रोलची मोटार घरोघर पोहोचवणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हीसुद्धा विजेचीच गाडी चालवी. १९१२ साली चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीला लागला. कळ दाबली की गाडी सुरू! हँडल गेले आणि त्याबरोबर विजेची गाडीही मागे पडली. शंभर वर्षांनी तीच गाडी नव्या नावाने आपल्या दारात आली आहे. तिच्याकडे मी पुढे येते.

फोर्डसाहेबांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्या घराघरांतली पाळीची घड्याळे त्यांनीच लावली. १९०८ साली त्यांनी 'मॉडेल टी' काढली. किंमत ८५० डॉलर. १९१३ साली त्यांनी हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती साखळी आणली. पूर्वी माणूस कामाकडे जाई. आता काम माणसाकडे येऊ लागले. एकाने फक्त नट घालायचा, दुसऱ्याने तो आवळायचा. सांगाडा जोडायला जिथे साडेबारा तास लागत, तिथे वर्षभरात दीड तास पुरू लागला. १९२५ पर्यंत त्या गाडीची किंमत २६० डॉलरवर आली आणि १९२७ साली ती बंद झाली तोवर दीड कोटीच्या वर गाड्या निघाल्या होत्या.

परंतु दिवसभर तोच एक नट आवळून माणूस विटतो. १९१३ साली त्या कारखान्यात मजूर इतके सोडून जात की, एका जागेसाठी वर्षात तीन-चार माणसे भरावी लागत. तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने जाहीर केले की, आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक. सगळ्या जगात गाजावाजा झाला. आता त्यातली मेख ऐका. ते पाच डॉलर सर्वांना नव्हते. कारखान्याने एक खाते उघडले. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जात आणि पाहत की, घर स्वच्छ आहे का, नवरा दारू पितो का, शिल्लक टाकतो का, बायको घरात बिऱ्हाडकरू तर ठेवीत नाही ना. बाईने घर नीट ठेवले, तर नवऱ्याला पूर्ण मजुरी! आणि कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना स्वतःला मात्र १९१६ पर्यंत पाच डॉलर लागू नव्हते. म्हणजे मजुरीच्या परीक्षेला बसायचे बाईने आणि पगार घ्यायचा दुसऱ्याने. मला हे वाचून राग आला, आणि थोडे हसूही आले. कारण आपल्याकडे तपासनीस नव्हता, पण बिनबोभाट तसेच चालले होते.

आता आपल्या देशात येऊ. मुंबईत मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या. त्या राजेरजवाड्यांच्या आणि बड्या शेटजींच्या. १९२८ साली शिवडीला जनरल मोटर्सने कारखाना काढला. खरे तर तो जोडणीचा कारखाना होता. खोक्यांतून परदेशचे भाग यायचे आणि येथे ते जोडायचे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना हे सलत होते. जहाजे, विमाने आणि मोटारी या देशातच झाल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. सर विश्वेश्वरय्यांनीही मोटारीच्या कारखान्याची योजना आखली होती. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. पण त्या वेळच्या सरकारने पाठबळ दिले नाही. तरी १९४४ साली त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि स्वातंत्र्याच्याच वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. १९५३ साली वालचंद वारले. त्याच सुमारास सरकारने ठरवले की, जो टप्प्याटप्प्याने सगळे भाग येथेच करील त्यालाच परवाना. खोकी जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

त्याच कुर्ल्याची फियाट पुढे 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या महाराष्ट्राने तिच्यातून दादर स्टेशन गाठले. ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची मर्यादा भरून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रे वाचून आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या लग्नाची गाडी गेली हो!"

देशातच सर्व भाग करायचे, या धोरणाचे फळ म्हणजे आपले हे पिंपरी-चिंचवड. बासष्टच्या सुमारास औद्योगिक महामंडळाने येथे जमिनी घेतल्या. आकुर्डीला बजाजची स्कूटर आणि टेम्पोचा कारखाना, पिंपरीला टेल्को. 'टेम्पो' हे मुळात एका जर्मन गाडीचे नाव. आता भाजीवालासुद्धा कोणत्याही कंपनीच्या गाडीला टेम्पोच म्हणतो. एका मोठ्या कारखान्यामागे शंभर लहान शेड उभ्या राहिल्या. एकजण बुशिंग करणार, दुसरा स्प्रिंग, तिसरा रबराची वायसर. बार्शी, लातूर, सांगली, जळगावकडची तरुण मुले वळकटी घेऊन आली आणि खोली करून चौघे-चौघे राहू लागली.

या मुलांना जेवू कोणी घातले? गावच्या बायकांनी. शेती गेल्यावर ज्या घरात पैशांची चणचण झाली, त्या घरातल्या बाईने आधी दोन डबे लावले, मग दहा, मग वीस. त्या डब्यांच्या पैशांत मुली शिकल्या आणि घरावर स्लॅब पडला. उद्योगाच्या इतिहासात हा आकडा कोणी मांडलेला नाही. जमिनीचे पैसे पुरुषांच्या हाती आले आणि बऱ्याच घरांत ते आले तसे गेलेही. डब्याचे पैसे मात्र टिकले. हे मी पाहिलेले सांगते.

कारखान्याच्या फाटकाच्या आत मात्र बाई नव्हती. १९७४ साली बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने फलकावर टेल्कोची जाहिरात पाहिली. हुशार इंजिनिअर हवेत, आणि खाली लिहिलेले की स्त्रियांनी अर्ज करू नये. तिने सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. मुलाखतीचे बोलावणे पुण्याला आले आणि तिला नोकरी मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. आज त्याच टाटांच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जोडणारी एक अख्खी साखळी मुली चालवतात. मधे पन्नास वर्षे गेली, हे मात्र विसरू नये. एका पोस्टकार्डाने फाटक किलकिले झाले. सताड उघडायला पन्नास वर्षे लागली.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत, हे जुन्या मंडळींना आठवेल. मुलगा अकरावीत असताना नंबर लावावा आणि त्याच्या लग्नात स्कूटर यावी. ती आली तरी चालवायची पुरुषांनी. जड गाडी, डाव्या मुठीत गिअर, किक मारायची. साडीत ते जमायचे कसे? आपण मागे एका बाजूला पाय टाकून बसायचे, मांडीवर लहानगे आणि पुढे उभा मोठा. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना काढली. हलकी, पायडल मारून सुरू होणारी, गिअर नसलेली. ती बायकांसाठीच काढली असे नव्हे. दूधवाले आणि पोस्टमनही तिच्यावर बसत. पण मास्तरीणबाई, नर्सबाई आणि बँकेतली मुलगी यांनी ती लगेच ओळखली. पुढे १९८४ साली त्यांचीच कळ दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. नंतर स्कूटी आणि अ‍ॅक्टिव्हा आल्या. आज पुण्याच्या रस्त्यावर तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या मुलींची जी फौज दिसते, तिची पणजी ती लूना.

मी स्वतः चाळिसाव्या वर्षी लूना शिकले. घरातून विरोध असा झाला नाही, पण "आता या वयात?" असे तीनदा विचारले गेले. माझी शाळा घरापासून सहा किलोमीटर. बसची वाट पाहण्यात रोज दीड तास जाई. तो दीड तास मला परत मिळाला. दीड तास म्हणजे काय, हे या सभागृहात समजावून सांगण्याची गरज नाही.

२००८ साली टाटांनी नॅनो दाखवली. पावसात एका स्कूटरवर भिजत चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना तिची कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे मागे बाजूला बसलेली ती बाई कोणाच्या तरी नजरेला पडली म्हणायची! पुढे ती गाडी चालली नाही आणि दहा वर्षांत बंद पडली. 'सर्वांत स्वस्त' अशी पाटी लावलेली वस्तू दारात उभी करायला आपल्याला संकोच वाटतो. मुंजीत आहेर देताना आपण काय करतो ते आठवा.

परंतु ती मागे बसलेली बाई अजून बसलेलीच आहे, आणि तिच्याविषयी बोलण्यासाठीच मी खरे तर हा विषय घेतला. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. सरकारी अहवालातला आकडा आहे. त्यांपैकी हेल्मेट न घातलेले ५०,०२९. आणि या पन्नास हजारांत गाडी न चालवणारे, नुसते मागे बसलेले १४,३३७. त्यांत बायका किती हे मला अहवालातून सांगता येत नाही. पण मागच्या सीटवर कोण बसते, ते तुम्ही-आम्ही रोज पाहतो.

कायद्याने आपला विचार केलेला आहे, बरे का. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत लिहिले आहे की, दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण हवे, म्हणजे कपडा चाकात जाणार नाही. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. आमच्याच सोसायटीतले एक तरणेताठे चिरंजीव गाडी 'स्मार्ट' दिसावी म्हणून ते काढून टाकतात. त्यांच्या बायकोची ओढणी गेल्या पावसाळ्यात चाकात गेली. देवाच्या कृपेने गाडी सावकाश होती, मानेवर वळ उठण्यावर निभावले. काढलेले साडी गार्ड माळ्यावर होते. सासूबाईंनी स्वतः उभे राहून ते पुन्हा बसवून घेतले.

मोटारीच्या सुरक्षिततेच्या चाचणीत मनुष्याऐवजी एक बाहुला बसवून गाडी भिंतीवर आदळतात. तो बाहुला कित्येक दशके मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मापाचा होता. बायकांसाठी म्हणून जो वापरीत, तो त्याचाच लहान करून घेतलेला. सरासरी बाईच्या अंगलोटाचा, मागून बसणाऱ्या धडकेच्या चाचणीसाठीचा बाहुला स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर या विदुषीने पुढे आणला, तो २०२२ साली. बेर्था बेंझ माहेरी गेल्याला तोवर १३४ वर्षे झाली होती!

विजेच्या गाडीविषयी दोन शब्द सांगते. ती आवाज करीत नाही, धूर सोडीत नाही, चांगलेच आहे. पण तिला पिस्टन लागत नाही, सायलेन्सर लागत नाही, गिअरचे दातेरी चक्रही जवळजवळ लागत नाही. भोसरीच्या ज्या शेडमध्ये आपले भाऊ-भाचे हेच भाग करतात, त्यांच्या घरात याची चर्चा जेवणाच्या ताटावर झाली पाहिजे, बायकांसमक्ष. नवे यंत्र घ्यायला दागिने गहाण ठेवायची वेळ आली की मग आपल्याला विचारतात. त्याआधी विचारले तर बरे.

आता शेवटचे, आणि हा ठराव म्हणून मांडते. संक्रांतीला आपण वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, गाळणी घरोघर इतकी झाली आहेत की ती पुढच्या वर्षी दुसरीकडे वाणात जातात. या वर्षी मंडळाने ज्या सभासद दुचाकीवर मागे बसतात त्यांच्यासाठी हेल्मेटे एकदम घाऊक घ्यावीत. निम्मा खर्च मंडळाच्या शिल्लकेतून आणि निम्मा ज्या-त्या बाईने द्यावा. शिक्का आय. एस. आय.चाच पाहावा, १ जून २०२१ पासून बिगर शिक्क्याचे विकणे बेकायदेशीर आहे, तरी रस्त्याच्या कडेला मिळते. नवऱ्याचे जुने ढगळ हेल्मेट घालू नये, ते धडकेत निसटते. डोक्याचा घेर मापाच्या टेपने कपाळावरून मोजून आणावा. अंबाडा असेल तर तो मानेपाशी खाली बांधावा, म्हणजे हेल्मेट नीट बसते. मी करून पाहिले आहे. मापे लिहून घ्यायला चिटणीसबाई दाराजवळ वही घेऊन बसणार आहेत. सणावाराचे बोला असे त्या म्हणाल्या होत्या. तेही शेवटी आलेच.

 ठरावाला कोणी अनुमोदन द्यावे, अशी विनंती करून मी खाली बसते.